मर्यादवेल

"त्या गेल्या ना, मग चल आपणही."

एवढंच वाक्य. बोलणारे गृहस्थ आमच्या मागे दहा-बारा पावलांवर होते. त्यांचं बोट धरून चाललेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाने त्यांना विचारलं होतं, "बाबा, इथून जायचं असतं?" त्या वेळी मी आईचा दंड धरून उभी होते. तिचा एक पाय दोरीपलीकडे वाळूत होता, दुसरा अजून फळीवर. वाऱ्यात बाकी कुणाचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं, पण हे वाक्य अगदी कानाशी बोलल्यासारखं आलं. मी मागे वळून पाहिलं नाही. आईचा दुसरा पाय सांभाळून पलीकडे घेतला, दोरी सोडली आणि आम्ही दोघी टेकाड चढायला लागलो. या गोष्टीला आता आठ महिने होतील. तरी कधी दिवा मालवून पडल्यावर, कधी बसच्या खिडकीशी बसलेलं असताना ते वाक्य पुन्हा येतं. त्या मुलाचा चेहरा मी पाहिला नव्हता, म्हणूनच बहुधा तो मनातून जात नाही.

समुद्रकाठच्या त्या उद्यानात फळ्यांची एक वाट आहे. सुरूच्या बनातून निघते, वाळूच्या टेकाडांना लांबलचक वळसा घालते आणि मग पुळणीवर उतरते. चालणाऱ्याला ती वाट सुखाची आहे. फळ्यांवर पावलांचा पोकळ आवाज येतो, सुरूच्या सुया पायाखाली मऊ लागतात, मध्येच झाडी विरळ झाली की खारा वारा तोंडावर येतो. पण आईच्या गुडघ्यांना निम्मी वाटही झेपेना. एका बाकावर ती बसली ती बसलीच. आणि त्या बाकाच्या बरोबर समोर, टेकाडामागून, लाटांचा आवाज येत होता. इतका जवळ, की मध्ये फक्त एक भिंत असावी आणि पलीकडे कुणीतरी घागरी ओतत असावं. "अगं, एवढ्यात तर आहे," ती म्हणाली. "पाय बुडवायचेत मला. एकदाच." ओहोटी लागली होती, उजेड कलत चालला होता, वळशाने गेलो असतो तर तिच्या चालीने पोचेपर्यंत अंधार झाला असता आणि पाणी आणखी लांब गेलं असतं. दोरी होती, दोरीला पाटीही होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टेकाडावर चढू नये'. खाली बारीक अक्षरांत आणखी काही ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत.

टेकाडाचा उतार दिसत होता त्याहून उभा निघाला. दोन पावलं वर चढावं तर एक पाऊल वाळू खाली आणत होती. वर जाताना सगळीकडे वेल पसरलेली होती, जाड, लालसर, दोरखंडासारखी लांबच लांब, आणि तिला मधोमध चिरलेली, शेळीच्या खुरासारखी पानं. मधूनमधून जांभळट गुलाबी फुलं, दिवस संपत आल्यामुळे मिटलेली. आईचा पाय एका वेलीवर पडला आणि 'कट्' असा ओला आवाज झाला. तुटलेल्या जागी पांढरा चीक आला. तिने पाय उचलला, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बघून टाक पाय," ती मला म्हणाली, जणू माझाच पाय पडला होता. त्यानंतर आम्ही वेल चुकवत चढायचा प्रयत्न केला. जमलं नाही, वेल सगळीकडेच होती. पुढचे आवाज मी मोजले नाहीत.

आणि मग माथ्यावर आलो आणि समुद्र दिसला. हे लपवून कसं चालेल, त्या क्षणी मला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही. समोर ओहोटीने उघडी टाकलेली पुळण होती, आरशासारखी ओली, तिच्यात आख्खं संध्याकाळचं आभाळ उतरलेलं. आईने माझा हात सोडला. कितीतरी दिवसांनी ती कुणाच्या आधाराशिवाय चालत होती. पाण्याच्या काठाशी जाऊन थांबली आणि पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा तिने 'हं' असा लहानसा आवाज काढला, तापलेल्या कपाळावर कुणी ओला हात ठेवल्यावर निघतो तसा. मग ती मला बोलावून दाखवायला लागली. "हे बघ गं, पाय टाकला की भोवतीची वाळू कोरडी होते." खरंच होत होती. ओल्या वाळूवर तिचं पाऊल पडलं की त्याच्याभोवती वीतभर फिकट वर्तुळ उमटायचं, जणू पावलाने पाणी पळवून लावलं. आणि पाऊल उचललं की तिथेच पाणी चमकायचं. ती पुन्हा पुन्हा पाऊल टाकत राहिली आणि मी बघत राहिले.

पुढे मला कळलं की या साध्या गोष्टीने ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञालाही थांबवून ठेवलं होतं. १८८५ मध्ये त्याने तिचा उलगडा केला. लाटांनी थापटून थापटून ओल्या वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. पावलाचा भार पडला की त्यांना सरकावं लागतं, आणि सरकायचं तर आधी एकमेकांपासून दूर व्हावं लागतं. कणांमधल्या फटी वाढतात, वरचं पाणी त्या फटींत उतरतं आणि वाळू कोरडी दिसते. दाबल्यावर आवळून बसायला हवं, तर ही वाळू उलट फुगते. आपल्या एका पावलाखाली केवढी हलवाहलव होते, हे मला आईच्या पायांकडे बघताना कळायला हवं होतं. तेव्हा मी फक्त वर्तुळं पाहिली.

परत आलो तेव्हा वाट तयार झालेली होती.

वाट म्हणजे अजून फक्त ठसे. पण आमचे चार पाय सोडून त्यांत आणखी बरेच होते, मोठे, चपलांचे, बुटांचे, आणि एक जोडी इवल्या अनवाणी पायांची. सगळे आमच्याच रेषेत. माणूस दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकतो ते सोपं पडतं म्हणून. वाळू आधीच थोडी बसलेली असते, वेल आधीच तुटलेली असते. दोरी मधोमध लोंबायला लागली होती. मी ती जराशी ताणून खुंटाला पुन्हा गुंडाळली. गाठ काही नीट बसली नाही.

मला त्या रात्री लहानपणची आई आठवत राहिली. समुद्रावर नेलं की तिचा एकच नियम असायचा, शिंपला उचलायचा तर आत कुणी राहत नाही ना ते आधी बघायचं. शंख कानाला लावायच्या आधी ती तो पालथा करून तळहातावर ठेवायची आणि थांबायची. कधी कधी थोड्या वेळाने बारीक, केसाळ, नारिंगी पाय बाहेर यायचे. मग ती शंख जिथून उचलला तिथेच, त्याच खळग्यात परत ठेवायची. ओहोटीच्या वाळूवर वाटाण्याएवढ्या खेकड्यांनी मांडलेल्या गोळ्यांची नक्षी तर ती मला ओलांडूही द्यायची नाही. बिळाच्या तोंडापासून चहूकडे निघालेल्या किरणांसारख्या त्या ओळी असतात. तो खेकडा वाळूची चिमूट तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं गाळून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. एका ओहोटीत शेकडो गोळ्या. भरती आली की सगळं पुसतं, पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. "मोडणारच आहे ना पाण्याने," मी म्हणायचे. "पाण्याने मोडू दे," ती म्हणायची. अशा बाईने त्या संध्याकाळी दोरी ओलांडायला पाय उचलला, तेव्हा तिला पाण्याची केवढी ओढ लागली असेल. तिच्याकडे बोट दाखवायला माझं मन घेत नाही. वाट मी काढली होती.

पाच आठवड्यांनी मी एकटीच गेले. बाकाशी आले आणि समोर पाहिलं तर टेकाडाला खाच पडलेली. ठशांची रेषा आता हातभर रुंद घळ झाली होती, तिच्यात वेलीचं नाव नाही, आणि दोन्ही कडांना वेलीची सुकलेली टोकं मुळांसकट उघडी लोंबत होती. त्या खाचेतून वारा नुसता सुटला होता. वाळू धुरासारखी, पण अगदी जमिनीलगत, घोट्यांना टोचत येत होती आणि फळ्यांवर साचत होती. एक वयस्क कर्मचारी खराट्याने ती झाडत होते. मी थांबले तसे तेही थांबले. "रोज झाडतो ताई, रोज येते," ते म्हणाले. "दोन महिन्यांमागे ही वाट नव्हती. कुणीतरी एक जण जातं बघा. मग थांबत नाही." खराटा टेकवून त्यांनी मला कडेचं एक मूळ दाखवलं. वेल जमिनीवर दिसते ती थोडी, ते म्हणाले, पेरापेराला मूळ धरते आणि खालची वाळू आवळून बसते. एकदा मधून तुटली की पुढचा सगळा भाग आधाराला जागा शोधतो. तिचं नाव त्यांनी सांगितलं, मर्यादवेल. समुद्राने यायचं ते इथपर्यंत, म्हणून.

मी म्हणाले, "काका, ती वाट आम्ही पाडली. मी आणि आईने."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आईंना चालवत नाही का?" मी गुडघ्यांचं सांगितलं. "मग फाटकावर सांगायचं ना. रुंद टायरांची खुर्ची आहे, वाळूत रुतत नाही. मीच आणली असती. पाटीवर लिहिलंय बघा खाली." मी पाटीपाशी गेले. बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं. पाटी न वाचण्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर काय करू नये एवढं वाचून मी त्याच्याशी मनात भांडत बसले होते, आणि माझ्या अडचणीचा उपाय दोन बोटं खाली लिहिलेला होता.

त्यानंतर मी वाळूबद्दल मिळेल ते वाचत गेले. रॅल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अभियंता वाळवंटांत मोटारी घेऊन हिंडला आणि मग घरी येऊन वाऱ्याच्या बोगद्यात वाळू उडवून बघत बसला. त्याचं त्यावरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. वाऱ्याने वाळू बहुतेक वेळा उडत नाही, उड्या मारत जाते, हे त्याने मोजून दाखवलं. एक कण उसळतो, खाली आदळतो आणि आदळताना दुसऱ्यांना उडवतो. घोट्यांना टोचत होतं ते तेच. मात्र मध्ये एखादं पान आलं, काटकी आली, की वाऱ्याचा जोर तेवढ्यापुरता मोडतो आणि कण तिथे बसतात. टेकाड असंच जन्माला येतं. आधी वेल किंवा गवत, मग त्याच्या पाठीशी मूठभर वाळू, मग त्या वाळूतून वर डोकं काढणारी वेल, मग आणखी वाळू. वादळी लाटा आल्या की समुद्र टेकाडाचा पायथा कापून वाळू घेऊन जातो आणि जवळच पाण्याखाली तिचा बांध घालतो. लाटा तिथेच फुटायला लागतात, किनाऱ्याचा मार कमी होतो. शांत दिवस आले की हळूहळू ती वाळू परत येते, वारा ती टेकाडाकडे ढकलतो, आणि वेल पुन्हा तिला धरते. घरात गाठीला ठेवलेली पुंजी अडीअडचणीला काढावी आणि पुन्हा जमवावी, तसा हा व्यवहार. त्यात धरणारा हात वेलीचा. तो हात तुटला की परत आलेली वाळू थांबत नाही, आत जात राहते.

आणि आत गेली की काय होतं, हे लोकांनी भोगलेलं आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कल्बिन नावाची शेतीवाडीची जहागीर होती. १६९४ मध्ये ती वाळूखाली गेली. शाकारणीसाठी लोक टेकाडांवरचं गवत उपटून नेत असत. पुढच्याच वर्षी, १६९५ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा करून टेकाडांवरचं गवत आणि झुडपं उपटायला बंदी घातली. सव्वातीनशे वर्षं जुना कायदा, आणि विषय माझ्या समोरच्या दोरीचाच. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेनजवळ एक चर्च होतं. लोक दार उकरून आत प्रार्थनेला जायचे, शेवटी १७९५ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. आज वाळूतून त्याचा फक्त पांढरा मनोरा वर दिसतो. त्याचं चित्र मी बराच वेळ बघत बसले. दार उकरून आत जाणारी ती माणसं मला फार जवळची वाटली. त्यांच्यापैकी कुणालाही वाटलं नसणार की आपण उपटलेल्या पेंढीने, आपण चारलेल्या गुरांनी हे होईल. एका पेंढीने होतही नाही. कल्बिनची वाळू विसाव्या शतकात थांबली ती फांद्या आणि काटक्या पसरून. आधी वाळू अंथरुणासारखी झाकली, मग त्यात पाइनची रोपं लावली. आज तिथे जंगल आहे.

फळ्यांच्या वाटेने पाण्याकडून आत चालत गेलं की हाच सगळा काळ पायांखालून जातो, हेही मला आता दिसतं. आधी उघडी वाळू, मग वेल, मग ताठ गवत, मग झुडपं, मग सुरू, आणि त्यांच्याखाली काळसर माती. हेन्री काउल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठच्या टेकाडांवर हेच मांडलं होतं. ते पाणी गोडं, झाडं वेगळी, पण क्रम हाच, पाण्यापासून जितकं आत जावं तितकं जुन्या जमिनीवर पोचावं. ज्या वळशाला मी वैतागले होते तो या सगळ्याच्या कडेकडेने जातो. चिखल्यासारखे पक्षी उघड्या वाळूतच लहानसा खळगा करून अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या पायाखाली तसं काही आलं का, हे मला कधीच कळणार नाही.

दरम्यान आईचं चालणं आणखी कमी झालं. मग माझ्या मनात एक वेगळंच सुरू झालं, आणि ते सांगायला जड जातं. ती खाच भरून यावी असं मला मनापासून वाटत होतं. आणि त्याच वेळी ती भरून येणार, या विचाराने पोटात कालवत होतं. कारण आई शेवटची आपल्या पायांनी समुद्राकडे चालत गेली ती त्या वाटेने. तिच्या त्या चालण्याची दुसरी कुठलीही खूण माझ्याकडे नाही. फोटो काढायचं त्या दिवशी सुचलं नव्हतं. टेकाडाला पडलेली ती जखम, आणि तीच माझ्या आईच्या पावलांची रेघ. दोन्ही एकच असल्यावर माणसाने काय मागावं?

गेल्या रविवारी तिला घेऊन गेले. फाटकावर सांगितलं, काकांनी खुर्ची आणून दिली, फुगीर पिवळ्या टायरांची, आणि आईला "या ताई, बसा" म्हणून हात दिला. पूर्ण वळशाने गेलो. सुरूच्या सुयांवर टायरांचा आवाज होत नव्हता. तिने वाटेत दोनदा थांबायला सांगितलं, एकदा फुलासाठी, एकदा उगाच. पाण्यापाशी नेल्यावर तिने पाय खाली सोडले. चालणं झालं नाही, पण लाट पायांवरून गेली तेव्हा तोच 'हं' आला. मग टाचा वाळूत दाबून तिने पाहिलं. भोवती फिकट वर्तुळ उमटलं. ती माझ्याकडे बघून हसली.

परतताना त्या बाकाशी आलो. खाचेत काकांनी सुरूच्या फांद्या आडव्या खोचल्या होत्या आणि मध्ये मध्ये वेलीचे तुकडे लावले होते. फांद्यांच्या पाठीशी वाळू साचलेली होती, थोडीशीच. आईने खुर्चीतून वाकून तिच्यावर हात टेकवला, उंची बघितली. "चार बोटं," ती म्हणाली. मग काही वेळाने, "आपण इथूनच गेलो होतो ना?" मी हो म्हटलं. ती त्या जागेकडे बघत राहिली. वारा होता, पण घोट्यांना काही टोचत नव्हतं. मी खुर्ची पुढे ढकलणार एवढ्यात तिने हात वर करून थांबवलं. वेलीचं एक कोवळं टोक दोरीखालून येऊन फळीवर टेकलं होतं, चाकाच्या अगदी समोर. मी खाली बसले, ते उचललं, आणि ती सांगत होती त्या बाजूला, वाळूवर परत ठेवलं.